नळपाण्याचे सरकारी कंत्राट: गोव्यात पहिली निविदा भरणाऱ्यांसाठी

जलवाहिनी, जलकुंभ किंवा पंपघराचे सरकारी काम पहिल्यांदा घेणाऱ्याचे नुकसान चरात कमी आणि कागदावर जास्त होते. पाइप नीट बसला, नळाला पाणी आले, लोकांची तक्रार नाही, तरीही बिलातला मोठा तुकडा अडकतो. कारण शोधले तर बहुतेक वेळा तेच निघते: केलेले काम लेखी आदेशात नव्हते किंवा मोजणी वहीत (झालेल्या कामाची मापे लिहायची खात्याची वही) चढले नव्हते. म्हणून या लेखात निविदा वाचण्यापासून अनामत परत मिळेपर्यंतची वाट, कामाच्याच क्रमाने दिली आहे.

काम कोणत्या खात्याचे

नळपाण्याच्या योजना वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाणीपुरवठा विभागांकडे होत्या. आता त्यासाठी पेयजल खाते वेगळे झाले आहे. ओपा, साळावली, अस्नोडा, साखळी, दाबोस, चांदेल या प्रकल्पांवरून येणाऱ्या मुख्य वाहिन्या आणि गावातल्या वितरण वाहिन्या याच यंत्रणेत येतात. धरणे, कालवे, बंधारे ही जलस्रोत खात्याची कामे. निविदा सूचनेच्या पहिल्या पानावर ज्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याचे नाव आहे तो तुमचा मालक. पत्रे त्यालाच, पोच त्याच्याच आवक शाखेची. गावचा पंच किंवा आमदार यांनी जागेवर येऊन सांगितलेला बदल हा आदेश नव्हे. त्यांचे म्हणणे रास्त असेल, तरी ते अभियंत्याच्या लेखी सूचनेतून तुमच्याकडे आले पाहिजे.

सरकारी कामामागे मंजुऱ्यांची साखळी असते: प्रशासकीय मान्यता आणि खर्चमंजुरी, मग तांत्रिक मंजुरी, निविदा, स्वीकृती, कार्यादेश. यातली एखादी कडी अपुरी असताना 'सुरू करा, कागद मागून येतो' असे कोणी म्हणाले, तर जेसीबी हलवू नका. खर्चमंजुरी नसलेल्या कामाचे बिल लेखा शाखेतून पुढे सरकत नाही, मग सांगणारा कितीही वरचा असो. मुख्य वाहिनी फुटल्यासारख्या तातडीच्या प्रसंगी निदान जागेवरच्या आदेश वहीत तारीख, काम आणि अभियंत्याची सही घेतल्याशिवाय माणसे उतरवू नका.

नोंदणी आणि पात्रता

आधी खात्याकडे कंत्राटदार म्हणून नोंदणी. ती वर्गवार असते आणि प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते. इमारत-रस्ते आणि पाणीपुरवठा हे प्रवर्ग वेगळे, त्यामुळे आपल्या प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे ते पाहा. पॅन, जीएसटी, बँकेचा पतदाखला आणि तिसऱ्या श्रेणीची डिजिटल सही हे हाताशी हवे. डिजिटल सहीची मुदत संपत आली असेल तर निविदेची वाट न पाहता नूतनीकरण करा, कारण नवी सही ई-निविदा पोर्टलवर पुन्हा जोडावी लागते.

लहान कामांना नोंदणीचा वर्ग पुरतो. मोठ्या कामांत पूर्वानुभव मागतात, आणि प्रचलित निकष असा: मागच्या ७ वर्षांत अंदाजपत्रकाच्या ८० टक्के रकमेचे एक, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन समान कामे पूर्ण केलेली हवीत. म्हणजे ६० लाखांच्या कामाला ४८ लाखांचे एक, ३६ लाखांची दोन किंवा २४ लाखांची तीन. खरी मेख 'समान काम' या शब्दांत आहे. निविदेत '१५० मिमी किंवा त्याहून मोठ्या डीआय वाहिनीचे काम' (डीआय म्हणजे डक्टाइल आयर्न, लोखंडी पाइप) अशी व्याख्या असेल, तर गटाराचे काम कितीही मोठे असले तरी धरत नाहीत. अनुभवाच्या दाखल्यावर पाइपचा प्रकार, व्यास, लांबी, अंतिम रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा असल्या पाहिजेत. 'काम समाधानकारक केले' एवढ्या ओळीचा दाखला छाननीत उडतो.

उद्यम (लघुउद्योग नोंदणीचे) प्रमाणपत्र आहे म्हणून बयाणा रकमेची (निविदेसोबत भरायची ठेव) सूट मिळेल, असे अनेक नवे लोक धरून चालतात. ती सवलत मुळात वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या निविदेत स्पष्ट लिहिलेली नसेल तर बयाणा भरा, नाहीतर तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदपत्रांच्या छाननीत, बाद व्हाल.

निविदा कुठून वाचायची

गोव्यातल्या बांधकाम निविदा सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) पद्धतीवर आणि नमुन्यांवर बेतलेल्या असतात. जाडजूड अटी सगळ्यांना सारख्या, पण त्यांतले आकडे निविदेच्या 'शेड्यूल एफ' या जोडपत्रात भरलेले असतात. बयाणा किती, कामगिरी हमी (काम नीट पूर्ण होईल यासाठी द्यायची हमी) किती टक्के, मुदत किती दिवसांची, ती केव्हापासून मोजायची, विलंबाची भरपाई कोण ठरवणार, परिमाण किती टक्क्यांपर्यंत वाढले तरी जुनाच दर, जागेवर कोणत्या पात्रतेचा अभियंता ठेवायचा आणि न ठेवल्यास महिन्याला किती कापणार, हे सगळे तिथे मिळते. म्हणून आधी शेड्यूल एफ, मग दरपत्रकातली बाबींची पूर्ण वर्णने, मग नकाशे, आणि शेवटी सामान्य अटी, या क्रमाने वाचा.

बाबीचे वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे. खोदाईच्या बाबीत 'पाणी उपसण्यासह' असे दोन शब्द असले की पंप, डिझेल आणि रात्रपाळी तुमची. 'उरलेली माती वाहून नेण्यासह' असेल तर किती अंतरापर्यंत ते बघा. चाचणीचे पाणी कोणाचे हेही शोधा. एप्रिल-मेमध्ये लांब वाहिनी भरायला टँकर लागतात.

शंका असतील तर निविदापूर्व बैठकीत किंवा लेखी विचारा. तोंडी मिळालेल्या उत्तराला किंमत नाही, पोर्टलवर आलेले शुद्धिपत्रकच खरे. शेवटच्या दिवशी शुद्धिपत्रके पुन्हा तपासा, कारण कधीकधी दरपत्रकाची फाइलच बदललेली असते आणि जुन्या फाइलवर भरलेला दर चालत नाही.

जागा बघणे

दर भरण्याआधी वाहिनीचा सगळा मार्ग पायी चाला. गोव्यात तीन प्रकारच्या जमिनी तुमचा दर पालटतात.

पहिली जांभ्याची. खोदाईच्या बाबी साधारणपणे तीन: सर्व प्रकारची माती, साधा खडक, कठीण खडक. सीपीडब्ल्यूडीच्या विनिर्देशांत मऊ जांभा मातीत मोडतो आणि कठीण जांभा साध्या खडकात. पठारावर वरचा कडक थर पहारीला दाद देत नाही आणि हातभर खाली तोच मऊ लागतो. त्यामुळे एकाच चरात दोन बाबी येतात आणि वाद तिथेच होतो. यावर उपाय आहे: चर उघडा असताना कनिष्ठ अभियंत्याला बोलवा, दर ठरावीक अंतरावर थराची जाडी टेपने मोजून नोंदवा, टेप दिसेल असे फोटो घ्या. खडक आणि माती मिसळून निघत असेल तर खडकाचे वेगळे ढीग रचून मोजतात आणि पोकळीपोटी ५० टक्के वजा करतात. १० घनमीटरचा ढीग म्हणजे ५ घनमीटर खडक. ढीग मोजायच्या आधीच ते चिरे कोणी कुंपणाला नेले, तर सगळी खोदाई मातीच्या दराने लिहिली जाते.

दुसरी खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीची. भरतीच्या वेळी चरात खारे पाणी शिरते, कडा ढासळतात, तळाला चिखल राहतो. इथे कडांना आधार, उपसा आणि तळाला वाळूचा किंवा मुरुमाचा थर यांच्या बाबी दरपत्रकात आहेत का ते पाहा. नसतील तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न टाका. खाऱ्या मातीत डीआय पाइपवर पॉलिथिनचे वेष्टण घालावे लागते, आणि चरातले पाणी काँक्रीटला कधीच वापरायचे नाही. बांध किंवा मानशीजवळून (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांजवळून) वाहिनी जात असेल तर शेतकऱ्यांच्या संघटनेशी आधी बोला. एकदा बांध फुटून शेतात खारे पाणी गेले तर भरपाईही तुमची आणि थांबलेले कामही तुमचेच.

तिसरा प्रकार म्हणजे रस्त्याची कड, जिथे वीज खात्याच्या भूमिगत तारा, दूरसंचारच्या केबल आणि जुनी वाहिनी एकाच पट्ट्यात असतात. मशीन लावण्याआधी हाताने चाचणी खड्डे खणा. जुन्या वाहिनीला जोड द्यायचा असेल तर ते खड्डे अधिकच महत्त्वाचे. १५० मिमीच्या डीआय पाइपचा बाहेरचा व्यास १७० मिमी असतो. जुन्या एसी (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या) पाइपचा त्याच नावाच्या मापाचा बाहेरचा व्यास वेगळा निघतो. एचडीपीईचे (प्लॅस्टिक पाइपचे) नावाचे माप तर बाहेरूनच धरतात. खड्ड्यात उतरून पाइपभोवती टेप गुंडाळा, परिघाला ३.१४ ने भागा आणि त्या मापाची कॉलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) मागवा. हे न करता पाणीपुरवठा बंद करून पाइप कापला आणि मग कॉलर बसेना, तर अख्ख्या वाड्याचे नळ कोरडे राहतात. एसी पाइप कापताना सुका ग्राइंडर लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पाणी सोडत, ओला ठेवूनच कापायचा.

दर भरणे

टक्केवारीच्या निविदेत, म्हणजे अंदाजपत्रकी रकमेवर एकच टक्का सांगायचा असतो तिथे, एका चौकटीत 'जास्त' किंवा 'कमी' निवडायचे असते. ५ टक्के जास्त म्हणायच्या जागी ५ टक्के कमी निवडले गेले, तर लिफाफा उघडल्यावर दुरुस्ती नाही, आणि मागे हटलात तर बयाणा जप्त. बाबवार निविदेत प्रत्येक बाबीचा दर अंकात भरल्यावर अक्षरी रक्कम आपोआप येते, ती वाचून पाहा. दरपत्रकाच्या फाइलचे नाव बदलू नका, ठरलेल्या घरांशिवाय कुठे काही टाइप करू नका. आणि वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, तुमच्या नाही. निदान एक दिवस आधी भरून पावती छापून ठेवा.

दरात काय धरायचे ते नव्यांना नीट कळत नाही, म्हणून एका रनिंग बिलाचा (काम चालू असताना निघणाऱ्या बिलाचा) हिशेब पाहू. जीएसटी सोडून १० लाखांचे काम झाले आणि निविदेत जीएसटी वेगळा देय आहे असे धरा. १८ टक्क्यांनी १,८०,००० मिळून बिल ११,८०,००० चे. त्यातून सुरक्षा अनामत (दोष निघाल्यास म्हणून खाते राखून ठेवते ती रक्कम) २.५ टक्के म्हणजे २५,०००, एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर आयकर १ टक्का म्हणजे १०,०००, जीएसटीची कपात २ टक्के म्हणजे २०,०००, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे १०,०००. एकूण ६५,००० जाऊन ११,१५,००० हातात येतात, आणि त्यातूनच खरेदीवरचा परतावा वजा करून जीएसटी भरायचा असतो. आयकर आणि जीएसटीची कपात पुढे तुमच्या करातच वळती होते, अनामत दोष दायित्वाची (निघालेले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची) मुदत संपल्यावर मिळते, पण उपकर गेला तो गेला. दर जीएसटीसह मागितला असेल आणि तुम्ही तो वगळून भरला, तर नफा राहतच नाही.

खडी, वाळू, चिरे, मुरूम यांच्या स्वामित्वधनाच्या पावत्या खरेदी करतानाच घ्या. त्या नसतील तर बिलातून ती रक्कम वसूल होते, मग तुम्ही खाणवाल्याला कितीही दिलेले असो.

आदेश आला, आता परवानग्या

स्वीकृतीपत्रात दिलेल्या मुदतीत कामगिरी हमी भरायची. ती बहुधा बँक हमीच्या रूपात असते, आणि बँक तेवढ्याच रकमेची ठेव किंवा तारण मागते. ती सोय आदेश येण्याआधी करून ठेवा. हमीची मुदत कामाच्या मुदतीपेक्षा पुढची हवी आणि काम लांबले तर ती वाढवायची जबाबदारी तुमची.

रस्ता खोदायची परवानगी रस्ता ज्याचा त्याच्याकडून: गावचा असेल तर पंचायत, राज्याचा असेल तर बांधकाम खात्याचा रस्ते विभाग, राष्ट्रीय महामार्ग ६६ किंवा ७४८ ओलांडायचा असेल तर महामार्ग विभाग. कोकण रेल्वेखालून जायचे असेल तर तिची परवानगी महिने घेते, म्हणून तो जोड कार्यक्रमात शेवटी ठेवा आणि अर्ज मात्र पहिल्या आठवड्यात पाठपुराव्याला घ्या. झाडे आड येत असतील तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, किनाऱ्यालगत असेल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, कोमुनिदादची (जुन्या गावकरी संस्थेची) जमीन असेल तर तिचा ना हरकत दाखला. यातले बरेचसे अर्ज खात्याने करायचे असतात. कोणी करायचे ते निविदेत वाचा आणि खात्याकडे असतील तर लेखी आठवण द्या. ते पत्रच पुढे मुदतवाढीचा आधार ठरते.

पावसाळा हिशेबात धराच. जून ते सप्टेंबर चर उघडा ठेवता येत नाही आणि रस्ते खोदायला परवानगी मिळत नाही. मेच्या मध्यापासूनच ती आवळू लागते. त्यातच चतुर्थी. गावी गेलेले कामगार परत येऊन काम पुन्हा लयीत यायला दिवस जातात. मुदत बारा महिन्यांची दिसली तरी रस्त्यात खोदायला मिळणारा काळ साधारण ऑक्टोबर ते मध्य मे. मार्चमध्ये आदेश मिळाला तर पाइपखरेदी आणि तपासणी पावसाळ्याआधी उरका, जलकुंभासारखी जागच्या जागी होणारी कामे पुढे घ्या.

चर, पाइप, चाचणी

चराची मोजणी निविदेतल्या रुंदीने होते, प्रत्यक्ष खोदलेल्या रुंदीने नाही. नकाशात ६० सेंमी असताना ९० सेंमीच्या बकेटने चर काढला, तर १.२ मीटर खोलीला दर किलोमीटरमागे ३६० घनमीटर खोदाई फुकट, तितकीच भराई फुकट आणि वर ३०० चौरस मीटर रस्ता आपल्या खर्चाने पूर्ववत करायचा. बकेट बदलायला लागणारी तेवढी मिनिटे द्या.

डीआय पाइप आयएस ८३२९ या भारतीय मानकाप्रमाणे, एचडीपीई आयएस ४९८४ प्रमाणे. त्रयस्थ तपासणी मागितली असेल तर ती कारखान्यात, माल निघण्याआधी. जागेवर उतरलेला तपासणी न झालेला पाइप परत जातो. पाइपावरचा वर्ग, व्यास आणि तुकडीचा क्रमांक चलनाशी जुळवून ठेवा. रबर रिंग उन्हात उघडी टाकू नका. पाइप आत ढकलण्यापूर्वी सॉकेटची (पाइपच्या फुगीर तोंडाची) खोबण फडक्याने पुसा, कारण गळणाऱ्या सांध्यात पुष्कळदा वाळूचा कण किंवा गुंडाळलेली रिंग सापडते. खडकाळ तळावर पाइप थेट ठेवायचा नाही. खाली बारीक मातीचा किंवा वाळूचा थर हवा, आणि सॉकेटखाली खळगा, म्हणजे पाइप अंगभर टेकतो.

वळणांवर, टीवर (तीन तोंडांच्या जोडावर), बंद टोकांवर काँक्रीटचे ठोकळे लागतात. ते न खोदलेल्या, घट्ट मातीला टेकले पाहिजेत. सैल भराईला टेकलेला ठोकळा दाबाखाली सरकतो आणि सांधा निखळतो. काँक्रीटला किमान ७ दिवस दिल्याशिवाय चाचणी घेऊ नका. चाचणीच्या वेळी सांधे उघडे ठेवून पाइपच्या पोटावर तेवढी माती टाका, म्हणजे पाइप हलत नाही आणि गळती दिसते. पाणी सखल टोकाकडून हळू भरा, उंचवट्यांवरच्या वायुझडपांतून हवा पूर्ण जाऊ द्या, पाणी रात्रभर मुरू द्या, मग दाब चढवा. हवा अडकली असेल तर काटा थरथरतो आणि गळती नसताना दाब पडल्यासारखा वाटतो. चाचणीचा दाब आणि वेळ निविदेत दिलेली. नोंदीवर दोघांची सही त्याच दिवशी.

भराई १५ ते २० सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थर ठोकून. एकदम ढकललेली माती पहिल्या पावसात बसते, रस्त्यात खड्डा पडतो आणि दोष दायित्वात तुम्हालाच बोलावतात.

मोजणी, जादा काम, मुदतवाढ

झाकले जाणारे प्रत्येक माप झाकण्यापूर्वी मोजणी वहीत गेले पाहिजे: खडकाचा थर, तळाचा थर, ठोकळ्यांची मापे, पाइपची खोली. अभियंत्याला आदल्या दिवशी लेखी कळवा. वहीवर मापे मान्य म्हणून सही करण्याआधी बेरीज स्वतः तपासा, कारण नंतर हरकत घेणे अवघड जाते.

दरपत्रकात नसलेली बाब करायला सांगितली तर आदेश लेखी घ्या आणि सीपीडब्ल्यूडीच्या कलम १२ प्रमाणे १५ दिवसांत दराचे पृथक्करण, म्हणजे साहित्य, मजुरी, यंत्र आणि वरकड यांची फोड, कोटेशनसह द्या. परिमाण ठरलेल्या टक्क्यापलीकडे गेले तरी हेच. काम संपल्यावर एकत्र यादी दिली तर ती वर्षभर टेबलांवर फिरते.

अडथळ्यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून चालवा. परवानगी न मिळाल्याने थांबलेले दिवस, बंद न मिळालेला पाणीपुरवठा, जमीनमालकाचा विरोध, सगळे तारखेसह लिहा आणि अभियंत्याची सही घ्या. मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून १४ दिवसांत करायचा असतो. बहुतेक निविदांत विलंबाची भरपाई महिन्याला १ ते १.५ टक्के, दिवसांच्या हिशेबाने आणि कमाल १० टक्के असते. ५० लाखांच्या कामात ते ५ लाखांपर्यंत जाते, म्हणजे बहुतेकांचा सगळा नफा.

काम पूर्ण झाल्याचे लेखी कळवल्यावर पाहणी होते आणि उणिवांची यादी मिळते. अंतिम बिलासोबत प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिनीचा नकाशा द्या. त्यावर प्रत्येक झडपेचे अंतर दोन कायम खुणांपासून लिहा, उदाहरणार्थ साकवाचा कठडा आणि चॅपेलची पायरी, कारण रस्त्यावर पुन्हा डांबर पडले की झडपेचे झाकण दिसत नाही. पूर्णत्वाच्या दाखल्यावरची तारीख नीट पाहून घ्या. दोष दायित्वाचे महिने, बहुधा १२, तिथून मोजतात. तेवढ्या काळात खात्याकडून आलेल्या प्रत्येक दुरुस्तीच्या पत्राला काम करून फोटोसह उत्तर द्या, आणि मुदत संपताच सुरक्षा अनामतीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, कारण ती अर्ज केल्याशिवाय परत येत नाही.